धाकटी गोटी

आमच्या गावच्या मारुतीसमोर तीन दगड पडलेले असतात. गोल, काळे, हात लागून लागून गुळगुळीत झालेले. त्यांना गोटी म्हणतात, पण पोरं खेळतात त्या गोट्यांशी त्यांचं काही नातं नाही. थोरली मोठ्या हंड्याएवढी, मधली घागरीएवढी आणि धाकटी कळशीएवढी. जत्रेच्या दिवशी बाप्ये त्या उचलतात. दगड आधी मांडीवर घ्यायचा, मग छातीशी, मग खांद्यावर, आणि खांद्यावर घेऊन ताठ उभं राहायचं. ताठ उभं राहिल्याशिवाय हलगी वाजत नाही आणि हलगी वाजल्याशिवाय उचलली असं कोणी धरत नाही.

लग्न होऊन मी पणदऱ्याजवळच्या या वस्तीवर आले तेव्हापासून ते दगड बघत होते. बघत होते म्हणजे पदराआडून. बाईने त्यांना हात लावू नये असं कोणी सांगितलेलं नव्हतं. कोणी लावतही नव्हतं, एवढंच.

माझा बांधा थोराड. उंचीने मी आमच्या यांच्यापेक्षा चांगली चार बोटं जास्त. लग्नात हार घालायची वेळ आली तेव्हा आई मागून कुजबुजली, "गुडघ्यात वाक." मी वाकले, आणि त्यानंतर वाकलेलीच राहिले. पाण्याला जाताना, दुकानात, बाजारात, कुठेही उभी राहिले की खांदे पुढे घेऊन, मान खाली घालून, आपली उंची कुठे लपेल ते बघायचे. घराच्या चौकटीतून शिरताना तर सगळेच वाकतात. मी अंगणातही वाकायचे. जाऊबाई म्हणायच्या, "काय गं, काय सांडलंय का तुझं?"

माझं माहेर पळसदेवच्या बाजूला, धरणाच्या पाण्याकाठी. आमची मेंढरं होती. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात. ती काही आपणहून पाण्यात जात नाहीत. एकेकीला कवळ्यात धरून आत न्यायचं, चोळायचं आणि तसंच बाहेर आणायचं. भिजलेली मेंढी किती जड होते ते उचलल्याशिवाय कळत नाही. वर ती पाय झाडते ते वेगळंच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या देवळाचं शिखर वर यायचं, आणि आम्ही तिथे काठाला दिवसभर हेच करायचो. माझे दादा, म्हणजे वडील, सांगायचे, "आधी तिला कळू दे तू धरलंस म्हनून. गडबड करू नगं. मग उठ." चौथीनंतर माझी शाळा सुटली ती या मेंढरांमागेच. त्याचं वाईट वाटायचं, पण मेंढरं धुवायला मला आवडायचं. पाण्यात उंची दिसत नाही.

माझ्या अंगातला जोर सासरी कोणाला ठाऊक नव्हता. मीच दिसू देत नव्हते. उंच आहे ते आहे, त्यात आणखी कशाला भर. पण एका दिवाळीनंतरची गोष्ट. पेंडेची पोती आली. टेम्पोवाला ती अंगणातच टाकून गेला. यांची कंबर धरलेली, दीर ऊसतोडीच्या मागे, आणि आभाळ भरून आलेलं. पेंड भिजली तर म्हशी तोंड लावायच्या नाहीत. आजूबाजूला बघितलं, कोणी नव्हतं. पदर कमरेला खोचला आणि एकेक पोतं पाठीवर घेऊन गोठ्यात टाकायला लागले. शेवटचं पोतं घेऊन वळते तर हौदाच्या आडोशाला बाजेवर मामंजी. उठून बसलेले.

मी पोतं तिथेच टाकलं आणि डोक्यावर पदर ओढला.

आमच्यात सुनेने सासऱ्यासमोर उघड्या डोक्याने जायचं नसतं. सासरा आणि त्याच्या बरोबरीचे भावकीतले म्हातारे, यांच्यासमोर पदर कपाळापर्यंत. मामंजी रागावतील म्हणून मी अंग चोरून उभी. ते म्हणाले, "चुकीचं उचलतीस. कमरंनं उचलतीस. मांडीनं उचल, न्हायतर माझ्या लेकागत खाटंवर पडशील."

मामंजींनी तरुणपणी मधली गोटी उचलली होती. गावात त्यांना सगळे आबा म्हणत. आता गुडघे गेले होते, काठीशिवाय दोन पावलं टाकता येत नव्हती. तरी जत्रेला मारुतीसमोर पहिल्या रांगेत त्यांची जागा ठरलेली.

त्या वर्षी आमच्या गावाला पहिल्यांदा बाई सरपंच झाली होती. ती घरोघर फिरून सांगत होती की या जत्रेत बायकांचीही ताकदीची शर्यत घ्यायची. "दरसाल आमाला लिंबू-चमचा आन संगीत खुर्ची. दुधाचं कॅन कोन उचलतं मग? वैरनीचं भारं कोन आनतं? धाकटी गोटी बायकांना द्या," असं तिने पंचायतीत म्हटलं होतं. म्हातारे कुरकुरले, पण कबूल झाले. आता नावं पाहिजे होती आणि नाव कोणी देत नव्हतं.

आमच्या ओसरीवर ती आली तेव्हा मी चहा ठेवत होते. जाऊबाई हसत म्हणाल्या, "आमच्या हिचं घ्या की. हिच्या लग्नात नवरदेवाला पाट द्यावा लागला हुता." ओसरीवरच्या सगळ्या बायका हसल्या. सरपंचबाईही हसली. मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले.

बाहेरून मामंजींचा आवाज आला. "लिवा."

हसणं थांबलं.

"आबा, चेष्टा करत हुतो ओ," जाऊबाई म्हणाल्या.

"मी न्हाय करत. लिवा तिचं नाव."

मी दुपारभर रडले. संध्याकाळी म्हशींना पाणी दाखवायला गेले तेव्हा मामंजी गोठ्याच्या कुडाबाहेर येऊन बसले. आमच्या गोठ्याला एका बाजूने तुऱ्हाट्यांचा कूड होता, शेणाने लिंपलेला. ते बाहेर, मी आत. मला दिसत नव्हते, काठी टेकवल्याचा आवाज तेवढा आला.

"सूनबाई, तुला न्हाय म्हनायचं तर म्हन. मी काठी टेकत जाऊन नाव काढून आनतो. पर दगडाला भिऊन न्हाय म्हनू नगंस. दगूड तुला जड न्हाय."

मी बादली म्हशीपुढे सरकवली.

"लोकांस्नी भेतीस व्हय?"

"व्हय," मी म्हणाले. सासऱ्याशी एवढं बोलण्याची ती पहिलीच वेळ असेल. मध्ये कूड होता म्हणून बोलले.

"मंग एक सांगतो. गोटी खांद्याव असली की मानसाला वाकून हुभं ऱ्हाता येत न्हाय. वाकलं की पडती. मर्जी असो नसो, ताठच हुभं ऱ्हावं लागतं."

ते उठून गेले. मी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून किती तरी वेळ उभी होते. नाव काढायचं नाही असं तिथेच ठरलं. जिंकायचं वगैरे माझ्या डोक्यात कधीच नव्हतं. लोकांसमोर एकदा, एकदाच, आहे तेवढ्या उंचीने उभं राहायचं होतं.

यांनी ओढ्यातून एक गोल दगड बैलगाडीत घालून आणला. गोठ्यात टाकला आणि म्हणाले, "झालं. आता भांडायची सोय ऱ्हायली न्हाय." त्यांनी एवढंच म्हटलं, पण दुसऱ्या दिवशी दगडाखाली वाळू आणून पसरली, दगड टाकताना पायावर आला तर लागू नये म्हणून. मामंजींनी आतल्या घरात निरोप दिला की धारा काढल्यावर एक तांब्या दूध सुनेसाठी ठेवायचं, दूध-संस्थेला सगळं घालायचं नाही. जाऊबाई तांब्या माझ्यापुढे आदळायच्या. "घ्या. गोठ्यात नवं वासरू आलंय, त्याला पाजाय लागतंय."

रोज दुपारी, म्हशी रवंथ करत बसल्या की मी आत आणि मामंजी कुडाबाहेर. मी पदर कमरेला घट्ट खोचायचे, डोकं मोकळं. त्यांना काही दिसत नव्हतं. ते कानानेच शिकवायचे.

"श्वास सोडलास. आधी घी, मग उचल."

"आता घसरली. हाताला माती लाव."

"ही मांडीव आली. थांब. थांब म्हनलं ना. घाई कोनाला हाय?"

दगडाला कुठे धरायला जागा नसते. पोत्याला कान असतात, घागरीला काठ असतो. गोल दगड बोटांतून पाण्यासारखा निसटतो. पहिले काही दिवस तो मांडीच्या वर येईना. हाताची आतली कातडी सोलली, पोटावर काळेनिळे वळ उठले. मग एके दिवशी दादांचं बोलणं आठवलं. दगडाला कवळ्यात धरलं आणि उठलेच नाही. नुसती बसून राहिले, भिजलेल्या मेंढीला धरून बसावं तशी. दगड छातीला चिकटला, माझ्या श्वासाबरोबर हलायला लागला. मग उठले. तो खांद्यावर कधी गेला ते मलाही कळलं नाही.

 कुडाबाहेर काठी दोनदा जमिनीवर आपटली. हलगी नव्हती, म्हणून.

तेवढ्या दिवसांत मी रोज उचलत होते आणि ते रोज ऐकत होते. पण आम्हा दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही की जत्रेच्या दिवशी मध्ये कूड नसणार.

जत्रेला माणूस मावत नव्हता. मारुतीसमोरचं पटांगण, देवळाची भिंत, शाळेची कौलं, सगळीकडे लोक. पहिल्या रांगेत खुर्च्या टाकलेल्या आणि त्यांवर भावकीतले सगळे म्हातारे. मधोमध मामंजी, नवा फेटा बांधून, काठीवर दोन्ही हात ठेवून. ते मला पहिल्यांदाच दगड उचलताना बघणार होते. आदल्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं असं सासूबाई म्हणाल्या.

नाव दिलेल्या आम्ही मोजक्याच बायका. त्यांतली एक भाजीच्या मळ्यातली होती. वांग्याच्या पाट्या टेम्पोत चढवून बारामतीच्या मंडईत स्वतः नेणारी. ती गावचीच लेक, नवरा वारल्यावर भावाजवळ राहिलेली. ती कोणालाही घाबरत नसे. मला म्हणाली, "लई थरथरतीस. पान खातीस का?"

आधी कॅनची शर्यत होती. दुधाचे दोन कॅन पाण्याने भरून, दोन हातांत धरून वेशीपर्यंत जायचं आणि परत यायचं. मध्ये टेकवले तर बाद. जाताना मला काहीच जड गेलं नाही. रोजचंच काम. परत येताना समोरून वारा आला. पदर डोक्यावरून सरकला, मानेवर आला आणि खाली पडला. समोर मामंजी, शेजारी चुलत सासरे, सगळी रांग माझ्याकडे बघत असलेली.

मी कॅन खाली ठेवले आणि पदर डोक्यावर घेतला.

विचार असा केलाच नाही. हातांनी आपोआप केलं. पदर सारखा करून बघते तर पटांगणात हसू फुटलेलं. कोणी तरी ओरडलं, "आगं, कॅन काय सासरा हाय का त्यांच्याम्होरं पदर घ्यायला!" आणि मग जे हसले ते थांबेचनात.

मी बाद झाले. मळ्यातली बाई पहिली आली. तिच्या डोक्यावर पदर नव्हताच. गावच्या लेकीला डोक्यावर पदर घ्यावा लागत नाही. माझ्याकडे येऊन तिने ब्लाउजच्या दोन पिना काढून दिल्या. "केसाला टाच पदर. हलायचा न्हाय."

गोटीची पाळी आली. प्रत्येकीला दोनदा संधी होती. पदर केसांना टाचून मी पुढे गेले. खाली बसले, माती लावली, गोटी मांडीवर घेतली. तिथवर सगळं गोठ्यातल्यासारखं. पण छातीशी घेताना टाचलेला पदर तिच्याखाली सापडला. जसजशी गोटी वर तसतशी माझी मान खाली ओढली जायला लागली. केस ताणले, डोळ्यांत पाणी आलं, आणि मान वाकली ती वाकलीच. गोटी निसटून धपकन खाली पडली.

या वेळी कोणी हसलं नाही. ते मला जास्त लागलं. जाऊबाई बायकांच्या गर्दीत होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला होता, आणि त्या हसत नव्हत्या.

सरपंचबाई म्हणाली, "अजून एक पाळी हाय. घ्यायची का सोडायची?"

  मी मान खाली घालून उभी, नेहमीसारखी.

तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मामंजी उठले होते. काठी टेकवत त्यांनी एका हाताने आपली खुर्ची ओढली, फिरवली, तिची पाठ पटांगणाकडे केली आणि देवळाच्या भिंतीकडे तोंड करून बसले.

"आबा, काय झालं?" शेजारच्या चुलत सासऱ्यांनी विचारलं.

"फीर."

"आँ?"

"फीर म्हनतो. सून हाय, डोकं उघडं करनार हाय."

"आरं मंग आमी बगायचं कवा? लांबनं आलोय की."

"ऐकून घी."

"गोटी काय ऐकायची चीज हाय का!"

पण ते फिरले. त्यांच्या पलीकडचे फिरले. कुरकुरत, खोकत, खुर्च्यांचे पाय मातीत खरवडत भावकीतल्या म्हाताऱ्यांची सगळी रांग मारुतीच्या भिंतीकडे तोंड करून बसली. मला त्यांच्या पाठी आणि फेट्यांचे शेमले तेवढे दिसत होते. बाकीची माणसं दीर-पुतण्यांच्या नात्यातली, त्यांची अडचण नव्हती.

मी पिना काढल्या. पदर कमरेला खोचला, रोजच्यासारखा घट्ट. डोक्याला उघडा वारा लागला. खाली बसले.

गोटी कवळ्यात घेतली आणि थांबले. गर्दीतून कोणी तरी "उचला की" म्हणालं. मी थांबले. तिला कळू दिलं मी धरलंय म्हणून. मामंजींची पाठ हलत नव्हती. मान मात्र जराशी वळली होती, कान माझ्याकडे करून.

श्वास घेतला आणि उठले. मांडी, पोट, छाती. छातीशी ती जड झाली, एकदम, मेंढी पाय झाडते तशी. मी हात सोडले नाहीत. मग खांदा तिच्याखाली गेला, आणि गुडघे सरळ झाले, आणि पाठ, आणि मान.

मला सगळ्यांच्या टोप्यांचे माथे दिसले. टोप्यांच्या पलीकडे वेस, वेशीपलीकडे ऊस, उसाच्या कडेने जाणारी बारामतीची वाट. एवढी वर्षं मी या गावात होते आणि देवळासमोरून वाट दिसते हे मला माहीत नव्हतं.

हलगी वाजायच्या आधी मला काठी ऐकू आली. दोनदा.

गोटी टाकली, पदर घेतला आणि मामंजींच्या पाया पडायला गेले. ते अजून भिंतीकडेच तोंड करून होते.

"कुठल्या खांद्याव घेतलीस?"

"डाव्या."

"हां. मला वाटलंच. उजव्याव असती तर जरा उशीर लागला असता." मग थोडं थांबून म्हणाले, "लई येळ हुभी हुतीस. येवढा येळ ऱ्हावं लागत न्हाय."

"बरं वाटत हुतं," मी म्हणाले. मध्ये कूड नव्हता, तरी म्हणाले.

दोन्ही शर्यती मिळून मळ्यातली बाई पहिली आली आणि ते बरोबरच होतं. तिने धाकटी तर उचललीच, वर मधलीला हात घालून बघितला. चुलत सासरे वाटभर मामंजींशी भांडत होते, जत्रेला येऊन भिंत बघायला लावली म्हणून.

घरी आलो तेव्हा दिवस मावळायला टेकला होता. जाऊबाई पुढे होत्या, मी मागे. काय बोलत होतो ते आठवत नाही, पण मी हसत होते, आणि हसत हसत दारातून आत शिरले, आणि चौकट माझ्या कपाळावर फाडकन बसली. मी मटकन खालीच बसले. इतक्या वर्षांत त्या दारात शिरताना मी वाकले नव्हते असा तो पहिला दिवस.

जाऊबाई हळद घेऊन धावत आल्या. कपाळावर टेंगूळ आलेलं बघून त्यांना हसू आवरेना, मलाही आवरेना. दोघी उंबऱ्यात बसून हसत राहिलो.

बाहेरून मामंजींनी विचारलं, "आता काय झालं?"

"काय न्हाय, आबा," जाऊबाई हळद दाबत ओरडल्या. "आता चौकट उचलाय निघालीय!"